कर्नल जिम कॉर्बेट व त्यांची मोजकी हत्यारे

शिकारी मंडळी एकत्र जमली म्हणजे एका प्रश्नावर त्यांचा वाद हटकून रंगत असे, हे जुन्या शिकारकथा वाचणारांस ठाऊक आहे. तो प्रश्न असा की, सशापासून वाघापर्यंत सर्व प्रकारच्या शिकारीस पुरे पडावे, म्हणून माणसाने आपल्याजवळ कोणत्या व किती बंदुका ठेवाव्यात? कोणी डझनभर नावे सांगे, कोणी दोहोंवर भागवी. आम्हांस हा वाद पुष्कळ दिवस केवळ संस्थानिकांच्या व साहेबलोकांच्या करमणुकीचा वाटत असे. परंतु जिम कॉर्बेट यांचे चरित्र वाचल्यावर आमचे मत बदलले. त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न हौसेचा नव्हता. डोंगरातील गवत कापणाऱ्या बायका व गुरे राखणारी पोरे संध्याकाळी घरी परत येतील की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. म्हणून त्यांचे चरित्र या एका बाजूने आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. घरात सर्वजण त्यांना जिम म्हणत. वडील क्रिस्टोफर विल्यम हे तेथील पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. त्यात जिम अगदी लहान असता, १८८१ साली, वडील वारले. माता मेरी जेन हिने मोठ्या धैर्याने संसार सावरून धरला. उन्हाळ्यात हे कुटुंब नैनितालास राही व हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगी या गावी उतरे. कालाढुंगीच्या घराभोवती दाट रान होते. तेच बाल जिमचे खरे विद्यालय झाले. पाखरांचे बोल, वानरांची व हरणांची धोक्याची हाक, वाळूत उमटलेले पाऊल, मोडलेली काडी या सर्वांचा अर्थ तो त्या वयात शिकला. आणि हे शिक्षण आयुष्यभर त्याला कोणत्याही बंदुकीपेक्षा अधिक उपयोगी पडले.

प्रथम त्याच्या हाती बेचकी होती, मग धनुष्यबाण आले. पुढे पक्ष्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी, पक्षी गोळा करून आणण्याच्या कामी, त्याला एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक दिली. ती बंदूक पाहून आजच्या मुलास हसू येईल. दारू अधिक भरल्यामुळे तिची उजवी नळी पूर्वीच फाटली होती व मोडका दस्ता तारेने आवळून बांधलेला होता. म्हणजे दुनळी नावाची. बार मात्र एकच. तो बार ठासावयास वेळ लागे, दारू व छर्रे पैसे टाकल्याशिवाय मिळत नसत, आणि नेम चुकला तर पाखरू दुसरा बार भरेपर्यंत वाट पाहत नाही. अर्थात मुलाला दोनच मार्ग होते : एक तर पुष्कळ दारू वाया घालवावी, नाही तर सावजाच्या इतके जवळ जावे की बार फुकट जाऊ नये. गरिबीने त्याला दुसरा मार्ग शिकविला. मोडक्या हत्याराने जो संयम त्याच्या अंगी बाणला, तो नव्या कोऱ्या किमती बंदुकीने बाणला असता की नाही, याची आम्हांस शंका आहे.

त्याचे दुसरे हत्यार त्याच्या मालकीचे नव्हते. नैनितालच्या शाळेत विद्यार्थ्यांची एक लष्करी तुकडी होती व सुमारे दहा वर्षांचा जिम तीत दाखल झाला होता. त्याचा नेम पाहून तेथील सार्जंट मेजरने त्याला सरकारी मार्टिनी रायफल वापरावयास दिली व तिची काडतुसेही देऊ केली. अट एवढीच घातली की, रायफल नेहमी स्वच्छ ठेवावी व रिकामी काडतुसे मोजून परत करावीत. या रायफलीत एका वेळी एकच गोळी भरता येई. गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच तोळे वजनाची. बार उडताच खांद्याला जबर हिसका बसे आणि काळ्या दारूच्या धुराने समोरचे काही क्षण दिसत नसे. असल्या हत्याराने त्या पोराने आपला पहिला बिबळ्या मारला. पहिल्या गोळीने जनावर जखमी होऊन पळाले. परंतु मुलगा तेथूनच घरी फिरला नाही. त्याने रक्ताचा माग काढून त्या बिबळ्यास गाठले व त्याच्या वेदनांचा शेवट केला. जखमी जनावर मागे सोडून यावयाचे नाही, हा नियम त्याने त्या वयापासून पाळला. या नियमाचे महत्त्व पुढे वाचकांच्या ध्यानी येईल.

शाळा सुटल्यावर कॉर्बेट यांनी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. नंतर बिहारातील मोकामा घाट येथे गंगेच्या काठी रेल्वेचा माल एका बाजूने उतरवून दुसऱ्या बाजूस चढविण्याचा ठेका त्यांनी घेतला आणि वीस वर्षांहून अधिक काळ मजुरांच्या बरोबरीने राहून ते काम केले. शिकार हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. रजा काढून ते कुमाऊंच्या डोंगरात जात व काम उरकले की घाटावर परत येत.

१९०७ साली त्यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीसाठी बोलावणे आले. ही वाघीण प्रथम नेपाळात व मग कुमाऊंत मिळून चारशेंहून अधिक माणसे मारून बसली होती. कॉर्बेट यांनी जाण्याचे कबूल केले, पण दोन अटींवर. वाघिणीवर लावलेले इनाम सरकारने रद्द करावे, आणि तिच्या मागावर असलेल्या इतर शिकाऱ्यांस परत बोलवावे. पैशासाठी शिकार करणारा म्हणवून घेणे त्यांना नको होते. तसेच गर्दीत दुसऱ्याची गोळी चुकून अंगावर येण्याचा धोकाही त्यांना नको होता.

त्या वेळी त्यांच्या हाती ५०० नंबरची दुनळी कॉर्डाइट रायफल होती. चंपावतच्या तहसीलदारांनी हाका घालण्यासाठी सुमारे तीनशे माणसे जमविली होती. त्यांच्याजवळ बापजाद्यांच्या काळच्या, परवाना असलेल्या व नसलेल्याही, नाना तऱ्हेच्या बंदुका होत्या. इतकी शस्त्रे एका डोंगरावर जमली असताना कॉर्बेट यांनी स्वतःबरोबर तीनच काडतुसे घेतली होती. वाघीण दोनच वेळा नेम धरू देईल, तिसरे काडतूस अडीअडचणीसाठी, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब थोडक्यात चुकला. पहिली गोळी घाईत वाया गेली. दुसरी लागली, पण जेथे लागावयास हवी होती त्याच्या बरीच मागे. कारण रायफलीचा नेम समुद्रसपाटीवर जुळविलेला होता आणि त्या उंच डोंगरावर ती किंचित वर मारीत होती. तिसरी खांद्यात बसली. तरीही वाघीण पडली नाही, आणि कॉर्बेट हातात रिकामी रायफल घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

सुदैवाने ती चालून आली नाही. कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेले, त्यांची बंदूक हिसकावून घेतली व वीस फुटांवर परत येऊन ती खांद्याला लावली. तेव्हा त्यांना दिसले की, नळ्या व मागचा भाग यांच्यामध्ये चांगली बोटाएवढी फट आहे! बार उडताच आगीचा लोळ डोळ्यांत येण्याचा संभव होता. पण दुसरा उपाय नव्हता. त्यांनी तोंडावर नेम धरला. गोळी पंजाला लागली. वाघीण पडली ती आधीच्या जखमांनी.

या एका प्रसंगातून शस्त्रांविषयीचे जवळजवळ सर्व धडे मिळतात. जे हत्यार ज्या ठिकाणी वापरावयाचे, त्या ठिकाणी त्याची परीक्षा झालेली असावी. उसने हत्यार ऐन वेळी दगा देते. आणि तीनशे बंदुकांच्या गलबल्यापेक्षा शांत चित्ताने झाडलेली एक गोळी मोलाची असते. बायबलच्या वाचकांस येथे दाविदाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शौल राजाने आपले चिलखत व तलवार त्याला दिली होती. परंतु त्याला त्यांची सवय नव्हती, म्हणून त्याने ती उतरवून ठेवली व ओढ्यातील पाच गोटे आणि हातात मुरलेली गोफण घेऊन तो गल्याथापुढे गेला.

मेलेल्या वाघिणीचे तोंड उघडून पाहता आणखी एक गोष्ट उघडकीस आली, आणि आमच्या मते या चरित्रातील ती सर्वांत गंभीर गोष्ट होय. तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते. कोणा शिकाऱ्याची जुनी गोळी तिला तेथे लागली होती. त्यामुळे तिला तिचे स्वाभाविक भक्ष्य मारता येईना व ती माणसांकडे वळली. म्हणजे एका अज्ञात माणसाने कधीकाळी अयोग्य रीतीने झाडलेल्या व मग विसरून गेलेल्या एका गोळीची किंमत चारशेंहून अधिक कुटुंबांनी दिली. बंदुकांची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे, असे आम्ही प्रारंभी म्हटले ते याचसाठी. हलक्या हत्याराने मोठ्या जनावरावर झाडलेली, किंवा दुरून अंदाजाने झाडलेली गोळी झाडणारा घरी सुखरूप परत येतो. तिचा हिशेब दुसऱ्या कोणाला तरी चुकवावा लागतो.

संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी या कामगिरीबद्दल कॉर्बेट यांना एक २७५ रिग्बी रायफल भेट दिली व तिच्यावर त्या अर्थाची चांदीची पट्टी बसविली. तहसीलदारांनाही एक नवी बंदूक मिळाली. ती फट पडलेली बंदूक आठवून वाचकांस हे बक्षीस अगदी समयोचित वाटेल!

येथून पुढे कॉर्बेट यांचा संच ठरल्यासारखा झाला. त्यात मुख्य हत्यारे तीन. पहिली ही रिग्बी. रायफलीचे हे आकडे नळीच्या छिद्राची रुंदी इंचाच्या हजारांशांत सांगतात. म्हणजे हिचे छिद्र पाव इंचाहून थोडेच मोठे. गोळी १४० ग्रेन, पाऊण तोळ्याच्या आसपास. वजनाला हलकी, हिसका बेताचा, लांबवर अचूक. डोंगर चढताना खांद्याला भार होत नाही व घुरलासारखे लहान जनावर दूरच्या कड्यावरही टिपता येते. उणीव एवढीच की, एक गोळी झाडल्यावर दुसरी नळीत आणण्यासाठी हाताने खिट्टी मागेपुढे करावी लागते. तेवढ्यात हालचाल होते, आवाज होतो.

दुसरी जेफ्री कंपनीची ४५०/४०० दुनळी रायफल. तिची गोळी ४०० ग्रेनची, रिग्बीच्या जवळजवळ तिप्पट वजनाची. जवळून अंगावर येणाऱ्या वाघाला थोपविण्यास असेच हत्यार पाहिजे. शिवाय दोन नळ्या असल्यामुळे दुसरा बार केवळ बोट हलविले की उडतो. परंतु तिचे वजन दिवसभर वाहणे सोपे नसे. तिसरी छर्ऱ्यांची साधी दुनळी बंदूक. ती स्वयंपाकघरासाठी पाखरे मारण्याची खरी; पण काळोख्या रात्री, जेव्हा रायफलीची माशीच दिसत नाही, तेव्हा तीच उपयोगी पडे.

या तिघींनी आपापले काम कसे केले, त्याचे एकेक उदाहरण देतो.

१९१० साली पनारचा नरभक्षक बिबळ्या मारण्यास कॉर्बेट गेले, तेव्हा ते अंधाऱ्या रात्री एका झाडावर छर्ऱ्यांची बंदूक घेऊन बसले. बिबळ्या वर चढू नये म्हणून बुंध्याला काटेरी फांद्या बांधल्या होत्या. तो बिबळ्या खाली उभा राहून त्या फांद्या ओढून काढू लागला! पुढे अंधारात झाडलेल्या बाराने तो जखमी झाला. सकाळपर्यंत थांबण्याऐवजी कॉर्बेट गावकऱ्यांच्या मशालींच्या उजेडात त्याच्या मागे गेले. बिबळ्या अंगावर येताच माणसे पळाली. पण पळताना त्यांच्या हातांतून पडलेल्या जळत्या ढलप्यांच्या उजेडात शेवटचा बार बरोबर लागला.

रिग्बीची कथा ११ एप्रिल १९३० ची. चौगडच्या वाघिणीने चौसष्ट माणसे मारली होती. तिचा माग घेत असता एका ओढ्यात कॉर्बेट यांना रातव्याची दोन विलक्षण आकाराची अंडी दिसली. त्यांना पक्ष्यांच्या अंड्यांचा संग्रह करण्याचा नाद होता, म्हणून ती त्यांनी जपून डाव्या हातात घेतली. थोडे पुढे एका मोठ्या शिळेला वळसा घालताच आठ फुटांवर वाघीण बसलेली दिसली. एकाएकी हालचाल केली असती तर ती झेपावली असती. त्यांनी एका उजव्या हाताने रायफल अगदी सावकाश, अर्ध्याहून अधिक वर्तुळ होईल इतकी फिरविली, आणि तोंड वाघिणीकडे येताच चाप ओढला. आपला जीव वाचण्याची जी कारणे त्यांनी पुढे दिली, त्यांत हातातील अंडी व रायफलीचा हलकेपणा ही दोन होती. अंडी नसती तर दोन्ही हातांनी झटकन वळण्याचा मोह झाला असता. रायफल जड असती तर ती एका हाताने फिरलीच नसती. हे झाल्यावर त्यांनी काय केले? ती अंडी त्यांनी जेथली तेथे नेऊन ठेविली, आणि थोड्या वेळाने पक्षीण पुन्हा त्यांवर येऊन बसली.

जेफ्रीची कथा ठाक गावची, ३० नोव्हेंबर १९३८ ची. कॉर्बेट त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे होते. संध्याकाळ होत आलेली, बरोबर चार निःशस्त्र माणसे. एका खडकावर बसून त्यांनी वाघाच्या आवाजात नरभक्षक वाघिणीला साद घातली. अंधार पडता पडता ती अगदी जवळ आली. दोन्ही नळ्या झाडताच त्या जड रायफलीच्या हिसक्याने कॉर्बेट खडकावरून मागे आपल्या माणसांच्या अंगावर कोसळले; पण वाघीण जागच्या जागी मेली होती. येथे हलकी रायफल पुरी पडली नसती. चौगडला जी जड ठरली असती, तीच ठाकला तारक ठरली.

१९२६ सालच्या रुद्रप्रयागच्या बिबळ्याचे नाव येथे घेतलेच पाहिजे. केदारनाथ व बदरीनाथ यांच्या यात्रामार्गावर त्याने आठ वर्षांत सव्वाशे माणसे मारली होती. रात्रीमागून रात्री फुकट गेल्यावर आंब्याच्या झाडावरून, क्षणभर लागलेल्या बत्तीच्या उजेडात, कॉर्बेट यांनी एकच गोळी झाडली व बत्ती विझली. गोळी लागली की नाही हे उजाडेपर्यंत कळले नाही. ती लागली होती.

आम्ही कॉर्बेट यांना देवदूत म्हणून रंगवू इच्छित नाही. तरुणपणी त्यांनी हौसेखातरही शिकार केली. १९३० साली मारलेला पोवळगडचा प्रचंड वाघ नरभक्षक नव्हता. मोठमोठ्या अंमलदारांच्या शिकारींत त्यांनी साह्य केले. परंतु वाघ ज्यांना इतक्या जवळून कळला, त्यांच्या मनात हळूहळू पालट झाला. एफ. डब्ल्यू. चँपियन या जंगल अधिकाऱ्याने घेतलेली वाघांची छायाचित्रे पाहून कॉर्बेट यांनी चलच्चित्राचा कॅमेरा घेतला. रायफलीपेक्षा हे हत्यार कठीण होते. कारण गोळीला एक क्षण पुरे, चित्राला पुष्कळ वेळ व वाघाचा विश्वास लागतो. १९३६ साली तेथील जंगलात हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्याच्या स्थापनेमागे त्यांचीही खटपट होती.

पहिल्या महायुद्धात त्यांनी पाचशे कुमाऊनी माणसांची तुकडी फ्रान्सला नेली. दुसऱ्यात सैनिकांना जंगलविद्या शिकविली व त्यांस लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला. १९४४ साली मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक छापले व ते जगभर वाचले गेले. पहिल्या आवृत्तीचे उत्पन्न त्यांनी युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांच्या संस्थेस दिले. १९४७ साली ते भगिनी मॅगीसह केनियात न्येरी येथे जाऊन राहिले. त्यांचे घर पूर्वी बालवीर चळवळीचे जनक लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेले होते. १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे तेथेच देहावसान झाले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७२ च्या कायद्याने आपल्या देशात शिकारीचा काळ संपला, आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ त्याच उद्यानात झाला. आमच्या विदर्भातील मेळघाटही त्या पहिल्या नऊ रानांपैकी एक होय. ती रिग्बी रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे होती. २०१५ साली ती ज्या कंपनीने घडविली तिच्याकडेच परत गेली. तिने आता कोणावर गोळी झाडावयाची नाही, यातच तिचा गौरव आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हाती बंदूक येणार नाही, आणि येऊही नये. परंतु हत्यारे तुम्हांलाही निवडावी लागतील. एक शब्दकोश, एक गणिताचे चांगले पुस्तक, एक वाद्य, एक कसब. संख्या थोडी असली तरी चालेल, पण त्यांची ओळख पुरी पाहिजे. पालकांसही आमचे सांगणे हेच की, मुलाच्या टेबलावर दहा वस्तूंची भर घालण्यापूर्वी, आहे त्या एकीचा उपयोग तो पुरता शिकला की नाही ते पाहावे. तारेने बांधलेल्या एका मोडक्या बंदुकीने कालाढुंगीच्या पोराला जे शिकविले, ते नीट शिकून झाल्यावरच पुढची बंदूक त्याच्या हाती आली होती. आणि अखेरची गोष्ट ही की, आपल्या हातून सुटलेली गोळी, मग ती शब्दाची असो वा कृतीची, कोठे जाऊन लागली ते पाहिल्याशिवाय घरी परतू नये.